नाव नसलेल्या रेघा

तो नकाशा नव्हता. आधी एवढं सांगते, मग बाकीचं. नांदेडात अजून अशी माणसं आहेत जी मला बाजारात थांबवून विचारतात, "सौदामिनीबाई, तुमच्या दादांचा तो नकाशा आता कुठं हाय हो?" आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो दादाचा नव्हता, आणि नकाशा तर नव्हताच नव्हता. ते चित्र होतं. मी काढलेलं.

आमचा मार्तंडदादा निजामाच्या पैमाइशीच्या दफ्तरात नक्शानवीस होता. मोजणीवाले साखळ्या ओढत शेतं मोजून यायचे आणि त्यांच्या आकड्यांवरून दादा गावाचा नकाशा काढायचा. हात सोन्याचा होता त्याचा. उर्दू असो की मराठी, असं अक्षर काढायचा की छापलेलं वाटावं. आज माझा त्याच्यावर कितीही राग असला तरी त्याचं अक्षर वाईट होतं असं मी म्हणणार नाही.

या नकाशांचं कापड वेगळं असतं. निळसर, अंगावर दाट खळ चढवलेलं, काचेसारखं गुळगुळीत. खालचा कागद त्यातून दिसतो, म्हणून त्यावर नकाशा उतरवून घेता येतो. आमच्या घरात या कापडाचा एक कायदा होता. ज्याच्यावर गावाचं नाव आणि दफ्तराची मोहर, त्याला कुणी हात लावायचा नाही. ज्याच्यावर नाव नाही ते बिघडलेलं. बिघडलेलं कापड दादा घरी आणायचा आणि वहिनी ते कढत पाण्यात भिजत घालायची. शाई खळीवर बसलेली असते, धाग्यात शिरत नाही, त्यामुळं खळ सुटली की शाईही सुटते आणि खालून मलमलीसारखं मऊ कापड निघतं. नक्शानविसांच्या सगळ्याच घरांत हे चालायचं. आमचे रुमाल, दुधाचं गाळणं, देवाची वस्त्रं, सगळं कुठल्या ना कुठल्या गावचे बांध धुऊन काढलेलं होतं.

मी मुलींच्या शाळेत शिकवायची. लग्न जमत नव्हतं, आणि जमावं म्हणून मी काही उपास धरले नव्हते. शाळेतून आले की वहिनीच्या आधी त्या बिघडलेल्या कापडाच्या गठ्ठ्यावर झडप घालायची. रेघा मारायचं दादाचं एक जुनं चिमट्याचं पेन होतं, त्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून त्यानं टाकलेलं. दोऱ्यानं आवळून मी ते चालतं केलं. काटकोन धरायचा गुण्या दादाचाच, शाईही दफ्तरचीच. चोरीच म्हणा हवं तर.

काय काढायची मी? रेघा. आमच्या घाटावर भोई लोक जाळी वाळत घालतात. एका जाळ्यावर दुसरं जाळं पडलं की दोन्हींत नसलेली तिसरीच वीण मध्ये उमटते, वारा आला की ती सरकते, आणि जाळं उचललं की नाहीशी होते. ती कुणाची असते? भोयाची नाही, जाळ्याचीही नाही. ते बघून मला झोप यायची नाही. बाजेची सुंभाची वीण बघा, दादाच्या नकाशातले बांध बघा, रेल्वेच्या कडेच्या तारा बघा. गाडीत बसलं की तारा वर चढतात, खाली उतरतात, खांब आला की झटक्यानं पुन्हा खाली. मी खांब काढून टाकले आणि फक्त चढण-उतरण ठेवली. लिंबाच्या झाडाआड तार तुटल्यासारखी दिसते, तर मी रेघा मध्येच तोडल्या. त्यांच्यावर बांधांसारख्या वाकड्या रेघा आडव्या घातल्या. रेघ जिथं थांबावीशी वाटली तिथं थांबवली. बस.

दादा बघायचा आणि म्हणायचा, "हे कुठल्या गावचं?"

"कुठल्याच नाही."

"मग उत्तर दिशा कुठं धरली?"

"धरलीच नाही."

"मग हे काय हाय?" असं म्हणून तो जेवायला बसायचा. वहिनी, म्हणजे आमची प्रेमला, मनानं लई चांगली. ती म्हणायची, "वन्सं, मध्ये एखादं कमळ तरी काढा की. कसं मोकळं मोकळं दिसून राहिलं."

दोन चित्रं मला साधली होती. एक तारांचं, मोठं. पूर्ण हिवाळा त्यात गेला. दुसरं जाळ्यांचं, त्याच्याहून लहान. तारांचं चित्र मी शाळेच्या मोठ्या बाईंना, गोदावरीबाईंना, नेऊन दाखवलं. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की हे काय आहे. म्हणाल्या, "सुट्टीनंतर हे आपल्या शाळेच्या दिवाणखान्यात लावू. चौकट मी करून घेते." मी घरी आले ती हवेत चालत आले. मला दुसरं काही नको होतं. चित्र म्हणून ते भिंतीवर लागावं आणि लोकांनी ते बघावं, एवढंच. मी ते गुंडाळून माझ्या ट्रंकेवर ठेवलं.

हा अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. ज्यांना ते दिवस ठाऊक आहेत त्यांना सांगायला नको, ज्यांना नाहीत त्यांना सांगून कळायचे नाहीत. अर्धी गल्ली सरहद्दीपलीकडं नातेवाइकांकडं गेलेली. संध्याकाळ झाली की दारं बंद. स्टेशनावर तलाशी, नाक्यावर तलाशी. उमरीच्या बाजूला कुणीतरी तारा तोडल्या म्हणून तिकडं तर पोलिसांचा पहाराच बसला होता.

आणि नेमकं उमरीच्या तहसिलीत नकाशे पोचवायचं काम दादाकडं आलं. त्यानं नकाशे पत्र्याच्या नळकांड्यात घालायला काढले. वरून धूळ लागू नये म्हणून वेष्टण पाहिजे. इकडंतिकडं बघितलं तर माझ्या ट्रंकेवर एक गुंडाळी. नाव नाही, मोहर नाही. घेतली, नकाशांभोवती लपेटली आणि निघाला. मला विचारलं? छे. वेष्टणाला कोण विचारत बसतं.

दुपारी दफ्तरातला चपराशी रामकिशन एकटाच परत आला. तो दादाबरोबर गेला होता. दारातच बसला आणि पाणी मागितलं. म्हणाला, "ताई, साहेबांला उमरीच्या ठाण्यात बसवून ठेवलं. नळकांडं उघडलं. सगळे नकाशे ठीक हायत म्हणले, नाव हाय, मोहर हाय. पर एक कापड निघालं तसलंच, त्याच्यावर नाव न्हाई काय न्हाई. अमीनसाहेब म्हणून राहिले की हा तारांचा खुफिया नकाशा हाय. कुठं तोडायच्या ते दावलंय."

मला आधी कळलंच नाही. मग ट्रंकेकडं बघितलं आणि कळलं.

वहिनीला आठवा महिना. मी तिला शेजारच्या केवळाबाईंच्या स्वाधीन केलं आणि वसंतराव वकिलांकडं गेले. आमच्या वडिलांच्या वेळचे ते, मी त्यांना काका म्हणायची. उर्दूत अर्ज लिहावा तर त्यांनीच. त्यांनी पगडी घातली आणि आम्ही मिळेल ती गाडी धरली.

ठाण्यात गेलो तर टेबलावर माझं चित्र पसरलेलं आणि त्याच्यावर अमीनाचा चहाचा ग्लास. खोटं सांगत नाही, भाऊ कोठडीत होता आणि मला आधी तो ग्लास दिसला. मी सरळ जाऊन तो उचलून बाजूला ठेवला. वकीलकाकांचा चेहरा पांढरा पडला. ग्लासाच्या ओल्या बुडानं खळ विरघळली होती आणि रेघांच्या मधोमध एक पांढरं गोल कडं पडलं होतं.

अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार, काही राक्षस नव्हता. दमलेला, वरून दटावणी आलेला माणूस. डोळे लाल. त्यानं त्या कड्यावर बोट ठेवलं. "ये गोल क्या है? पुल है ना?"

"तुमचा ग्लास आहे," मी म्हटलं.

वकीलकाकांनी माझा पदर मागून ओढला. अमीनानं ग्लासाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाकी सब पे नाम है, इस पे नाम नहीं. क्यों?"

"कारण ते कुठल्या जागेचं नाही. मी काढलंय ते."

"तुम निकाली? काहे को?"

आता याला काय सांगू? जाळी सांगू, बाज सांगू, लिंबाचं झाड सांगू? मी म्हटलं, "असंच."

असंच. या शब्दावर कुणाचा विश्वास बसत नाही हे मला त्या दिवशी कळलं. फूल असंच काढता येतं, मोर असंच काढता येतो. रेघांना मात्र कारण द्यावं लागतं. अमीन म्हणाला की बाई खरंच असलं काही काढत असेल तर घरी आणखी एखादं असेलच. ते आणून दाखवा, मग बघू. त्याचं बोलणं काही चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, आहे. जाळ्यांचं आहे. उद्या सकाळी आणते. माझा जीव भांड्यात पडला. वकीलकाकांचाही पडला असावा, कारण परतीच्या गाडीत त्यांना डुलकी लागली.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. अंगणात दोरीवर तीन झबली आणि एक टोपरं वाळत होतं. पांढरी शुभ्र, मऊ. मी त्यांच्याखालून वाकून आत गेले, ट्रंक उघडली, तळापर्यंत हात घातला. पुन्हा अंगणात आले.

वहिनी जोत्यावर बसली होती. डोळे रडून सुजलेले. "काय करू मग दिवसभर? नुसतं बसवंना. केवळाबाई म्हणाल्या, हाताला काम ठेव. म्हणून बाळाचं घेतलं शिवायला. ट्रंकेत कापड होतंच." आणि माझं तोंड बघून म्हणाली, "त्याच्यावर नाव नव्हतं हो, वन्सं."

आठव्या महिन्याच्या बाईवर काय ओरडणार? तिचा नवरा कोठडीत, आणि ती त्याच्या लेकरासाठी झबली शिवून राहिली. चूक काय तिची? घरचा कायदाच तो. मी न्हाणीघरात गेले आणि तांब्या दगडावर आपटला. पुन्हा आपटला. पोचा पडला त्याला. मग बाहेर येऊन झबल्यांच्या सगळ्या शिवणी तपासल्या. सगळं धुऊन गेलं होतं. फक्त मोठ्या झबल्याच्या काखेत एक बोटभर काळी रेघ राहिली होती. काठाला खळ कमी असते, तिथं शाई धाग्यात शिरते. वहिनी म्हणाली, "ती घासून पण निघंना."

दुसऱ्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी ठाण्यात उभे. वकीलकाकांनी सगळं नीट समजावून सांगितलं, की हुजूर, नक्शानविसांच्या घरची रीतच अशी आहे. अमीनानं ऐकून घेतलं. आधी हसला, मग हसायचा थांबला. "कल बोली घर में है. आज बोलती धो डाली." त्यानं शिपायाकडं बघितलं. "सबूत धो डाली." आणि कागद पुढं ओढला. दुपारच्या गाडीनं दादाला नांदेडला, तिथून पुढं हैदराबादला. तिकडं गेलेली माणसं कधी येतात, येतात का, हे तेव्हा कुणीच सांगू शकत नव्हतं.

वकीलकाका मला व्हरांड्यात घेऊन आले. "ऐक. रांगोळी म्हण."

"रांगोळी नाही ती."

"मला ठाऊक हाय. तू रांगोळी म्हण. बायका काढतात, त्याला कळंल. ठिपके, रेघा, सणवार. मिटलं."

"काका, माझ्या चित्राला रांगोळी म्हणू?"

"पोरी, तुझ्या भावाला माणूस म्हणायचं का मिसलीतला कागद म्हणायचं ते तू ठरीव." ते रागावले होते. म्हातारा माणूस, दोन दिवस उन्हात माझ्यासाठी फिरून राहिलेला.

मी कोठडीपाशी गेले. दादा भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी तुटलेली. कधी कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस तो. तो गजांपाशी आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मिने," तो म्हणाला, "म्हण की गं काहीबी. तुझं काय जातं?"

तुझं काय जातं. मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याला खरंच वाटत होतं की माझं काही जात नाही. वेष्टण न्यायच्या वेळीही त्याला तेच वाटलं असणार.

मी आत गेले आणि म्हटलं, "हुजूर, ती रांगोळी आहे. विसरू नये म्हणून कापडावर उतरवून ठेवली होती."

अमीनाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "ऐसा बोलो ना. रंगोली." पण पोलीसच तो, म्हणाला काढून दाखव. रेल्वे फाटकवाल्याच्या बायकोकडून, रत्नम्माकडून, रांगोळीचा डबा मागवला. ठाण्याच्या फरशीवर मी बसले. क्षणभर वाटलं, तेच काढावं, तारांचं. हाताला पाठ होतं. पण फरशीवर भुकटीनं ती रेघ येत नाही, आणि आली असती तरी मला तिथं, त्या बुटांच्या मधे, ती काढायची नव्हती. मी ठिपके टाकले आणि कमळ काढलं. चौथीतली पोर काढते ते. आठ पाकळ्या, मध्ये गोल, चार कोपऱ्यांत चार वेलबुट्ट्या.

अमीन उठून आला. त्यानं माझं चित्र हातात घेतलं आणि कमळाशेजारी धरलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मान डोलावली. "हां," म्हणाला, "वही है."

वही है. अख्खा हिवाळा घालून काढलेलं माझं चित्र आणि ते कमळ, दोन्ही एकच. शिपायांनीही माना डोलावल्या. वकीलकाकांनी पगडी काढून घाम पुसला. संध्याकाळच्या आत दादा सुटला. चित्र मात्र मिसलीला लावून ठेवलं, कारण एकदा मिसलीत गेलेलं बाहेर येत नसतं. गाडीत दादा हसून म्हणाला, "कमळ बाकी झकास काढलंस." मी खिडकीबाहेर बघितलं. तारा चढत होत्या, उतरत होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

वहिनीला मुलगी झाली. भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. गल्लीत पेढे वाटले, मीही खाल्ले, पोटभर खाल्ले. त्या आनंदाविषयी माझी काही तक्रार नाही.

तक्रार त्याच्यानंतरची आहे. लोक जमले की विचारायचे, कोण किती दिवस आत होतं, कशासाठी होतं. दादाला विचारलं की तो म्हणायचा, "एका नकाशावरून धरलं होतं." आधी एवढंच. मग कुणीतरी म्हणालं, तारांचा नकाशा होता म्हणं. दादा नुसता हसला. मग त्या हसण्याचा हळूहळू होकार झाला. दिवाळीपर्यंत ओसरीवर बसून तो सांगत होता की नकाशावर मुद्दाम नाव घातलं नाही, कारण नाव घातलं तर शत्रूला कळतं. मी आतून ऐकत होते. भाकरी करपली.

मी त्याला एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "दादा, काय सांगून राहिलास हे?"

"अगं, लोकच म्हणतात. मी कुठं म्हणतो."

संक्रांतीनंतर सत्काराचा घाट घातला. सत्कार समितीचे एक हणमंतराव होते, सगळीकडं पुढं पुढं करणारे. त्यांनी उमरीच्या ठाण्यातून जुन्या मिसली काढवल्या, त्यांत कापड सापडलं. दादानं ते आठवडाभर दफ्तरात ठेवून घेतलं. मला म्हणाला, "सत्काराच्या दिवशी बघ. शाळेत लावून राहिले. तुझ्याच शाळेत."

खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, काही का म्हणेनात. भिंतीवर लागेल ना? लोक बघतील ना? एखादा तरी नकाशा विसरून रेघा बघेल. मी धुवट पातळ नेसून गेले.

दिवाणखान्यात गर्दी होती. समोरच्या भिंतीवर, गोदावरीबाई म्हणाल्या होत्या अगदी त्याच जागी, काचेच्या चौकटीत माझं चित्र होतं. मी गर्दीतून पुढं गेले.

त्याच्यावर नावं होती.

दादाच्या त्या सुंदर, छापल्यासारख्या अक्षरात. माझी एक रेघ जिथं दुसरीला भेटत होती तिथं 'उमरी स्टेशन'. जिथं मी रेघ तोडली होती, लिंबाच्या झाडासाठी, तिथं 'तार तोडण्याची जागा'. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खाली मोजमापाची पट्टी. आणि त्या अमीनाच्या ग्लासाच्या कड्यावर, वळणदार, ठसठशीत, 'नाल्यावरील पूल'.

शेजारी गोदावरीबाई उभ्या होत्या. ती एकटी बाई, जिनं कधी विचारलं नव्हतं. त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं गं, याच्यात काहीतरी असणार."

भाषणं झाली. दादाला शाल मिळाली, मलाही एक फूल मिळालं, क्रांतिकारकाची बहीण म्हणून. हणमंतरावांनी जाहीर केलं की हा नकाशा आता लातूरच्या प्रदर्शनात जाणार, मग अहमदपूर, मग उदगीर. तोवर मार्तंडरावांच्या घरीच सुरक्षित राहील.

तर तो घरी आला आणि ओसरीवर टांगला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्याच्यापुढं उभा राहून चहा पीत होता. मी त्याला म्हटलं, "तू माझ्या चित्रावर लिहिलंस."

"मग? नाव नसलं तर लोकांना कळायचं कसं?"

"काय कळायचं त्यांना? तो पूल कुठं आहे दादा? तो चहाचा ग्लास आहे. तुला ठाऊक आहे."

तो थोडा ओशाळला. मग त्यालाही राग आला. क्वचित यायचा त्याला, पण आला. "आणि तू काय केलंस? भर ठाण्यात सगळ्यांसमोर रांगोळी म्हणालीस ना? तू रांगोळी म्हणलेलं चालतं, मी नकाशा म्हणलेलं चालत नाही?"

"ते तुझ्यासाठी म्हटलं होतं."

"मग हे पण राहू दे माझ्यासाठी," तो म्हणाला. "तुझं काय जातं?"

आणि दफ्तरात गेला.

मी तिथंच उभी राहिले. रांगोळीचं त्याचं बोलणं खरं होतं, आणि हीच सगळ्यात संतापाची गोष्ट होती. वेष्टण झालं, झबलं झालं, खुफिया नकाशा झाला, रांगोळी झाली, आता देशभक्ती झाली. लातूरला गेलं की आणखी काय काय होईल. ज्याला त्याला त्याचा काहीतरी उपयोग होता.

मी चौकट उतरवली. सांडशीनं मागचे खिळे काढले. कापड बाहेर घेतलं आणि एकदा, एकदाच, उजेडात धरून नीट बघितलं. नावांच्या मागं माझ्या रेघा होत्या. चढत होत्या, उतरत होत्या. चांगल्या होत्या. मी स्वतः सांगते, चांगल्या होत्या.

बंब तापलेला होताच. मी मोठं घंगाळ भरलं, कढत पाण्यात कापड दाबलं आणि हातानं चोळायला लागले. आधी दादाची अक्षरं सुटली, ती ताजी होती. मग माझ्या रेघा. पाणी राखाडी झालं, मग काळं. हात भाजत होते. वहिनी मुलीला कडेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिनं पाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पोरीला खाली ठेवून तिनं कापडाचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी ते पिळलं.

दादा जेवायला घरी आला तेव्हा ते दोरीवर वाळत होतं. पांढरं शुभ्र. त्यानं आधी ओसरीवरची रिकामी चौकट बघितली, मग दोरी. त्याला कळायला वेळ लागला नाही, नक्शानवीसच तो. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मिने, परवा लातूरला जायचंय. लोक येणार हायत. मी काय दाखवू तिथं?"

पोरगी अंगणात रांगत होती. अंगात ते मोठ्या मापाचं झबलं. मी तिला उचललं आणि तिचा हात वर धरला.

"हे ने," मी म्हटलं. "काखेत एक रेघ राहिलीय बघ. तेवढी माझी आहे. तिच्यावर काही लिहू नकोस."